सेंगोकू काळावरचे डावपेची व्हिडिओ गेम

सेंगोकू काळावरचे डावपेची व्हिडिओ गेम : जपानच्या सरंजामी कालखंडात, मुख्यतः पंधराव्या-सोळाव्या शतकांतल्या यादवीत घडणारे संगणकीय खेळ. यात खेळाडू एका घराण्याचा प्रमुख असतो. शेतसारा, रसद, किल्ले, तह, सोयरिकी आणि फितुरी यांची आखणी करत तो क्योतो गाठण्याचा किंवा सगळा देश एका छत्राखाली आणण्याचा प्रयत्न करतो. ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’सारखे गेमही त्याच जपानात घडतात, पण त्यांत सारी भिस्त खेळाडूच्या हातातल्या तलवारीवर असते, ते या नोंदीत येत नाहीत. इथे जिंकतो तो ज्याला कोठारात तांदूळ किती आहे याचे भान असते.

सेंगोकू म्हणजे ‘लढणारी राज्ये’. 1467 ते 1477 या दहा वर्षांत क्योतोमध्ये ओनिन युद्ध पेटले, राजधानीचा मोठा भाग जळून खाक झाला आणि आशिकागा शोगुनांची, म्हणजे सम्राटाच्या नावाने देश चालवणाऱ्या लष्करी शासकांची, सत्ता नावापुरती उरली. प्रांतोप्रांतीचे दाइम्यो, म्हणजे आपापल्या मुलखाचे सरदार, स्वतंत्र राजांसारखे वागू लागले. या काळाला जपानीत ‘गेकोकुजो’ असा एक शब्द आहे: खालच्याने वरच्याला उलथवणे. साध्या घरात जन्मलेला, ओदा नोबुनागा या दाइम्योच्या पदरी हलक्या चाकरीपासून सुरुवात केलेला हिदेयोशी पुढे सगळ्या जपानचा कारभारी झाला. गेम घडवणाऱ्याला आणखी काय हवे? देशाचे आधीच पडलेले तुकडे, प्रत्येक तुकड्याला एक महत्त्वाकांक्षी मालक, आणि कोणीही कुठूनही वर चढू शकतो अशी खरीखुरी शक्यता. 1560 साली ओकेहाझामाला नोबुनागाने दोन-तीन हजार माणसांनिशी इमागावा योशिमोतोच्या कितीतरी पट मोठ्या फौजेवर अचानक घाला घालून त्याला ठार केले. काल्पनिक गेममध्ये असा निकाल दाखवला असता तर कोणी विश्वास ठेवला नसता.

या जगाचे चलन म्हणजे तांदूळ. एक कोकू म्हणजे साधारण 180 लिटर तांदूळ, एका माणसाला वर्षभर पुरेल इतका. मुलखाची ताकद कोकूंत मोजत, आणि सरदाराने किती माणसे घेऊन लढाईला यायचे तेही त्यावरच ठरे. हिदेयोशीने देशभर जमिनीची मोजणी करून हा हिशेब पक्का केला. पुढे 1603 पासूनच्या तोकुगावा शोगुनांच्या अमलात किमान दहा हजार कोकूंचा मुलूख असलेल्यालाच दाइम्यो म्हणत. कागाचे माएदा घराणे दहा लाख कोकूंचे म्हणून ओळखले जाई. चांगला सेंगोकू गेम ओळखायची माझी खूण हीच आहे: त्यात भाताचे शेत महत्त्वाचे आहे का, हे आधी पाहावे. तलवारी सगळेच दाखवतात.

कोएई आणि नोबुनागा

या प्रकाराचा उगम तोचिगी प्रांतातल्या आशिकागा या कापडधंद्याच्या गावी आहे. ज्यांच्या पडझडीतून सेंगोकू काळ सुरू झाला ते आशिकागा शोगुन मूळचे इथलेच, हा योग विलक्षण म्हणायचा. इथे योइची एरिकावा यांनी 1978 मध्ये कापडाला लागणारे रंग आणि रसायने यांच्या धंद्यासाठी कोएई ही कंपनी काढली. त्यांच्या तिसाव्या वाढदिवसाला पत्नी केइको यांनी त्यांना एक संगणक भेट दिला. त्यावर प्रोग्रॅम लिहायला शिकत त्यांनी 1981 मध्ये ‘कावानाकाजिमा नो कास्सेन’ हा गेम तयार केला आणि कॅसेटवर, टपालाने विकला. ताकेदा शिंगेन आणि उएसुगी केनशिन हे दोघे दाइम्यो 1553 ते 1564 या काळात कावानाकाजिमाच्या मैदानावर पाच वेळा समोरासमोर आले. गेमचा विषय तोच होता. रंगांच्या दुकानाची गेम कंपनी झाली ती अशी.

1983 मध्ये ‘नोबुनागा नो याबो’ आला. ‘याबो’ म्हणजे महत्त्वाकांक्षा. रचनाकार म्हणून त्यावर को शिबुसावा हे नाव होते. एरिकावा याच टोपणनावाने काम करत आणि पुढेही करत राहिले. त्या पहिल्या गेममध्ये मध्य जपानचे अवघे 17 प्रांत होते. 1986 च्या पुढच्या आवृत्तीत सगळा देश आला आणि प्रांत 50 झाले. हीच आवृत्ती 1989 मध्ये इंग्रजीत निन्टेंडोच्या यंत्रावर अमेरिकेत गेली.

आज तो गेम उघडला तर पडद्यावर जवळजवळ काहीच दिसत नाही: एक ठोकळेबाज नकाशा, बाजूला आकडे, खाली आज्ञांची यादी. सुरुवातीलाच आपल्या दाइम्योचे गुण ठरतात. आकडे भराभर फिरत असतात आणि बटण दाबून ते थांबवायचे. प्रकृती, बुद्धी, नशीब, लोकांवरची छाप, सगळे त्या एका क्षणावर. मग ऋतू सुरू होतो आणि प्रांताला एकच हुकूम देता येतो. सारा वाढवायचा की नदीला बांध घालायचा? बांध घातला नाही तर पूर येऊन पीक जाणार. सारा वाढवला तर शेतकरी चिडणार, आणि चिडलेले शेतकरी उठाव करतात. तांदूळ स्वस्त असताना घ्यावा की पैसा शिपायांवर घालवावा? लढाईला निघताना बरोबर किती तांदूळ न्यायचा तेही आधीच सांगावे लागते. हे सगळे चालू असताना आपला दाइम्यो म्हातारा होत असतो, आणि एखाद्या हिवाळ्यात आजारी पडून मरूही शकतो. सोळाव्या शतकात राज्य चालवणे म्हणजे काय, हे मला या चार ओळींच्या आकड्यांइतके नेमके दुसऱ्या कुठल्याच गेमने सांगितलेले नाही.

पुढच्या चाळीस वर्षांत या मालिकेत पंधराहून अधिक मुख्य गेम निघाले. 2013 च्या ‘सोझो’मध्ये प्रांतांऐवजी रस्ते आणि किल्ले यांचे अखंड जाळे आले. 2022 च्या ‘शिन्सेइ’मध्ये सरदारांना जहागिरी वाटून द्यायच्या आणि मग ते स्वतःच आपली जमीन सुधारतात, स्वतःच फौज घेऊन निघतात. सरंजामशाहीचा गाभा गेमच्या रचनेतच उतरला तो इथे: राजा सगळे स्वतः करत नाही, तो वाटून देतो आणि दिलेल्या माणसावर विश्वास ठेवतो.

विश्वास हाच या काळाचा सगळ्यात नाजूक भाग. कोएईच्या गेममध्ये शेकडो सरदारांची चित्रे असतात आणि प्रत्येकाचे युद्धकौशल्य, बुद्धी, कारभार आणि निष्ठा आकड्यांत मांडलेली असते. निष्ठेचा आकडा घसरू लागला की बक्षीस द्यावे, नाहीतर शेजारचा दाइम्यो त्याला फोडतो. आकेची मित्सुहिदेचे गुण डोळे दिपवणारे असतात, तरी इतिहास माहीत असलेला खेळाडू त्याला राजधानीजवळ ठेवताना दहादा विचार करतो. 1582 मध्ये क्योतोच्या होन्नो-जी मंदिरात नोबुनागाला घेरले ते याच सरदाराने. ‘ताइको रिश्शिदेन’ (1992) या मालिकेत तर खेळाडू राज्याचा मालकच नसतो. तो हिदेयोशीसारखा चाकर असतो, धन्याची कामे करून मर्जी संपादन करतो आणि हळूहळू वर चढतो.

‘केस्सेन’ (2000) हा कोएईचाच गेम प्लेस्टेशन 2 बरोबर जपानी बाजारात आला. त्याच्या मध्यभागी तोकुगावा इएयासू आणि त्याचे विरोधक यांच्यातली 1600 सालची सेकिगाहाराची लढाई आहे. त्या दिवशी कोबायाकावा हिदेआकी मात्सुओ टेकडीवर हजारो माणसे घेऊन दुपारपर्यंत नुसता बसून राहिला, आणि मग ज्यांच्या बाजूने आला होता त्यांच्यावरच उतरला. लढाई तिथेच संपली. इएयासू जिंकला आणि 1603 मध्ये शोगुन झाला. ‘केस्सेन’ एकदा तोकुगावांकडून खेळून झाला की दुसऱ्या बाजूने खेळता येतो आणि इतिहासाचा निकाल उलटवता येतो.

इंग्लंडातून आलेला शोगुन

पाश्चात्त्य गेमकर्त्यांनी हा विषय ऐंशीच्या दशकातच घेतला होता. मायक्रोप्रोजच्या ‘सोर्ड ऑफ द सामुराई’मध्ये (1989) साध्या सामुराईपासून शोगुनपर्यंतची वाट होती. पण जगभरच्या खेळाडूंना दाइम्यो हा शब्द शिकवला तो इंग्लंडातल्या हॉर्शमच्या क्रिएटिव्ह असेंब्ली या कंपनीने. जून 2000 मध्ये त्यांचा ‘शोगुन : टोटल वॉर’ आला. नकाशावर पाळीपाळीने चाली, आणि दोन फौजा भिडल्या की तीच लढाई डोळ्यांसमोर, थांबा न घेता, हजारो शिपायांसह. ही जोडणी या प्रमाणावर तोवर कोणी जमवली नव्हती. शिपाई सपाट चित्रांचे होते, पण डोंगर, दऱ्या, पूल आणि हवामान खरे वाटे. पाऊस लागला की बंदुकवाले निरुपयोगी होत. म्हणून ढग पाहून हल्ला पुढे ढकलायची सवय खेळाडूंना लागली. याच गेमपासून ‘टोटल वॉर’ ही मोठी मालिका सुरू झाली आणि पुढे रोमपर्यंत, युरोपपर्यंत गेली.

मार्च 2011 मध्ये ती ‘शोगुन 2’ घेऊन जपानला परतली, आणि माझ्या मते या प्रकारातला सर्वांत घोटीव गेम हाच. न पाहिलेला मुलूख इथे अंधारात नसतो. तो जुन्या नकाशासारखा कागदावर शाईने काढलेला असतो, आणि आपली माणसे पुढे सरकली की कागदातून हिरवा डोंगर उगवतो. सुरुवात 1545 मध्ये होते. घराण्यांचे स्वभाव इतिहासातून घेतलेले आहेत: ताकेदांचे घोडदळ, उएसुगींचे योद्धे भिक्षू, मोरींचे आरमार, ओदांचे स्वस्त पण चिवट पायदळ. हे पायदळ म्हणजे आशिगारू, भाला हाती दिलेली शेतकऱ्यांची पोरे. नव्या खेळाडूला सामुराई हवेसे वाटतात. थोडे हरल्यावर कळते की टेकडीच्या कडेला भाल्यांची भिंत करून उभे केलेले आशिगारू घोडदळ परतवतात, आणि त्यांचा खर्चही परवडतो.

तांदूळ इथेही आहेच. किल्ला मोठा केला की अन्न जास्त लागते, बाजार वाढवला की जास्त लागते. शेते सुधारल्याशिवाय दगडी किल्ले बांधत सुटलेल्या घराण्यात टंचाई पडते आणि मुलूख पेटून उठतो. आणि मग येतो या गेमचा सर्वांत वादग्रस्त नियम. घराण्याची कीर्ती एका टोकाला पोचली की शोगुन त्याला शत्रू ठरवतो आणि जवळजवळ सगळा देश एकदम उलटतो. वीस वर्षांचे मित्रही व्यापार तोडून चालून येतात. पुष्कळांना हा अन्याय वाटतो. मला तो योग्य वाटतो. नोबुनागा क्योतोत शिरल्यावर त्याच्याविरुद्ध खरोखरच असे कडे उभे राहिले होते, आणि त्याला पाठिंबा होता तो नोबुनागानेच गादीवर बसवलेल्या शोगुन योशिआकीचा.

बंदुका, काळी जहाजे आणि गोवा

1543 मध्ये तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीज उतरले आणि त्यांच्याबरोबर तोड्याच्या बंदुका आल्या. यापुढचा धागा थेट गोव्याशी जोडलेला आहे. जपानच्या सात्सुमा प्रांतातला आंजिरो नावाचा माणूस 1548 मध्ये गोव्यात ख्रिस्ती झाला. त्याला बरोबर घेऊन फ्रान्सिस झेवियर 1549 च्या एप्रिलमध्ये गोव्याहून निघाला आणि ऑगस्टमध्ये कागोशिमाला पोचला. जुन्या गोव्याच्या बॉम जेझू चर्चमध्ये ज्याचे अवशेष आहेत तोच हा झेवियर. पुढे नागासाकीला येणारी मोठी पोर्तुगीज जहाजे गोवा, मलाक्का आणि मकाव या वाटेवर चालत. ‘शोगुन 2’मध्ये या परदेशी व्यापाऱ्यांसाठी बंदर खुले करता येते. बंदुका लवकर मिळतात, पण ख्रिस्ती धर्म पसरू लागतो आणि त्याबरोबर बौद्ध प्रजेत असंतोष. समुद्रात फिरणारे तोफांचे काळे जहाजही काबीज करता येते. क्यूशू या दक्षिणेकडच्या बेटावरच्या सरदारांपुढे नेमका हाच पेच होता; बुंगोच्या ओतोमो सोरिनने 1578 मध्ये बाप्तिस्मा घेतला.

लहान पटावरचे डाव

सगळेच गेम देशाच्या नकाशावर चालत नाहीत. म्युनिकच्या मिमिमी गेम्सचा ‘शॅडो टॅक्टिक्स : ब्लेड्स ऑफ द शोगुन’ (2016) 1615 च्या सुमारास घडतो आणि त्यात फक्त पाच माणसे आपल्या हाती असतात. त्यांनी पहारेकऱ्यांच्या नजरा चुकवत किल्ल्यात, छावणीत शिरायचे. बर्फावर पाऊल उमटले तर पहारेकरी त्याचा माग काढत येतो. हा निखळ गनिमी कावा आहे, आणि एकेक अंगण पार करायला अर्धा तास गेला तरी वेळ वाया गेल्यासारखा वाटत नाही. 2023 मध्ये मिमिमी बंद झाली, ही फार मोठी हानी आहे.

काय सुटते

नागाशिनोच्या लढाईत (1575) नोबुनागाच्या तीन हजार बंदुकवाल्यांनी तीन रांगांत आळीपाळीने गोळ्या झाडल्या, ही गोष्ट गेमनी घराघरात पोचवली. इतिहासकार मात्र त्या आकड्यावर आणि त्या रांगांवर बराच काळ शंका घेत आले आहेत. ‘शोगुन’च्या दोन्ही गेममध्ये गेइशा, म्हणजे नाचगाण्याने मनोरंजन करणाऱ्या स्त्रिया, मारेकरी म्हणून फिरतात, पण गेइशांचा पेशा सेंगोकू काळ संपल्यानंतरचा. याहून गंभीर गोष्ट म्हणजे 1592 ते 1598 या काळात हिदेयोशीने कोरियावर केलेल्या स्वाऱ्या. त्यांत कोरियाचा अतोनात विध्वंस झाला, आणि बहुतेक गेम जपान एक झाला की तिथेच पडदा पाडतात. इक्को-इक्की पंथाच्या शेतकऱ्यांनी आणि भिक्षूंनी 1488 पासून जवळजवळ शंभर वर्षे कागा प्रांत दाइम्योशिवाय चालवला होता. ‘शोगुन 2’मध्ये तेही एक घराणे होऊन येतात, इतर घराण्यांसारखेच क्योतोकडे निघालेले. ज्यांनी मुळात सरदारच नाकारला होता त्यांचे हे चित्रण मला खटकते.

2012 चा ‘फॉल ऑफ द सामुराई’ हा गेम सरंजामी कालखंडाचा शेवट दाखवतो. आता नकाशावर आगगाडी धावते, समुद्रातून जहाजांचा तोफमारा होतो, गॅटलिंग तोफेचा नेम खेळाडूला स्वतः धरता येतो; समोरून भाले घेऊन धावत येणारे सामुराई काही क्षणांत आडवे होतात. शोगुनाची आणि सम्राटाची बाजू यांच्यातले ते बोशिन युद्ध 1868 मध्ये सुरू होऊन पुढच्या वर्षी संपले. 1871 मध्ये दाइम्योंचे मुलूख खालसा झाले, आणि 1873 पासून शेतसारा तांदळाऐवजी रोख पैशात घ्यायला सुरुवात झाली.