वेढे नव्हे, लांबी मोजा

आजीच्या विजेच्या शेगडीची स्प्रिंग पहिल्यांदा तुटली तेव्हा मी अकरावीत होतो. तुटलेल्या जागेजवळची काळी पडलेली, ठिसूळ तार कापून टाकली, दोन्ही टोकं पक्कडीने एकमेकांत अडकवली आणि बटण दाबलं. शेगडी पेटली, एवढंच नाही, दूध पूर्वीपेक्षा लवकर वर आलं. आजी खूश झाली. तीन आठवड्यांनी स्प्रिंग पुन्हा तुटली. पुन्हा थोडी कापली, पुन्हा जोडली. या खेपेला ती आठवडाभरही टिकली नाही.

शेगडी जोमाने तापायला लागली होती तीच तिच्या मरणाची खूण होती, हे कळायला मला वेळ लागला. तेव्हापासून तापतारेची वेटोळी हाताने करणं हा माझा आवडता उद्योग आहे. एकसारखी दोन वेटोळी केली तर ती एकसारखीच का तापत नाहीत, हा प्रश्न वाटतो त्याहून खोल आहे.

घरगुती शेगडी साधारण १००० वॉटची असते. २३० व्होल्टवर १००० वॉट मिळवायचे तर तापलेल्या तारेचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, सुमारे ५३ ओहम हवा. ही तार नायक्रोमची, म्हणजे बहुतेक वेळा ८० टक्के निकेल आणि २० टक्के क्रोमियम. अमेरिकेत अल्बर्ट मार्शला या मिश्रधातूचं पेटंट १९०६ साली मिळालं, आणि टोस्टर, इस्त्री, शेगडी ही सगळी मंडळी त्यानंतर घराघरांत आली. नायक्रोमचा मोठा गुण असा की लालबुंद तापूनही त्याचा रोध जेमतेम चार-पाच टक्क्यांनी वाढतो. जुन्या पिवळ्या बल्बमधली टंगस्टनची तार थंड असताना मोजली तर रोध तापल्यानंतरच्या दहाव्या हिश्श्याच्याही आसपास भरतो, त्यामुळे त्या मोजणीचा फारसा उपयोग नाही. नायक्रोम मात्र थंडपणीच खरं सांगतो. रोध मोजायच्या मल्टिमीटरवर थंड तारेचे ५० ओहम दिसले की काम झालं, तापल्यावर ते ५३ च्या आसपास जातात.

०.५ मिलिमीटर जाडीच्या नायक्रोम तारेचा रोध मीटरला सुमारे ५.५ ओहम असतो, म्हणजे आपल्याला ९ मीटरच्या थोडी वर तार लागेल. इथेच बहुतेकांची चूक होते. लोक वेढे मोजतात. ‘जुन्या स्प्रिंगला सव्वापाचशे वेढे होते, मीही तेवढेच घातले’ असं सांगतात. पण ५ मिमीच्या सळईवर एका वेढ्याला १७.३ मिमी तार लागते, तर ६ मिमीच्या सळईवर २०.४ मिमी. वेढे तेवढेच, तार मात्र १८ टक्के जास्त. शिवाय सळईवरून काढल्यावर वेटोळं किंचित उलगडतं. तार कडक असेल तर जास्त, मऊ असेल तर कमी. म्हणून गुंडाळण्याआधीच तार जमिनीवर सरळ अंथरून मीटरपट्टीने मोजावी आणि मग कापावी. आजीची विणकामाची सुई सळई म्हणून मी वापरतो. ती सरळ आणि गुळगुळीत असते, आणि तिची जाडी प्रत्येक ठिकाणी सारखीच.

जाडीचा हिशोब लांबीपेक्षाही कडक आहे. रोध तारेच्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरतो, म्हणजे जाडीच्या वर्गावर. ०.५० ऐवजी ०.४८ मिमी तार हाती आली, तर डोळ्याला काहीच कळणार नाही, पण रोध साडेआठ टक्क्यांनी वाढेल. शाळेच्या प्रयोगशाळेतलं बारीक जाडी मोजायचं स्क्रू गेज इथे खरं कामाला येतं. दोन वेगळ्या रिळांवरची तार एकच समजू नये.

आता आजीच्या शेगडीकडे परत येतो. तार दहा टक्के कापली की रोध दहा टक्के घटतो आणि शक्ती अकरा टक्के वाढते. पण ती वाढलेली उष्णता आता कमी लांबीच्या तारेतून बाहेर पडायची आहे. दर सेंटिमीटरवरचा भार त्यामुळे अकरा नव्हे, तर साडेतेवीस टक्क्यांनी वाढतो. दूध लवकर तापतं आणि तार लवकर जळते, दोन्ही एकाच कारणाने. माझा सांधाही वाईटच होता. टोकांवरचा काळा थर मी खरवडला नव्हता. धातूला धातू नीट भिडला नाही, तिथेच रोध साचला आणि सांधा बाकी तारेपेक्षा जास्त तापत राहिला.

हा काळा थर मात्र तारेचा शत्रू नाही. नायक्रोम पहिल्यांदा तापतो तेव्हा पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडची पातळ साय धरते आणि आतला धातू हवेपासून वाचतो. स्वीडनमध्ये हान्स फोन कांत्सोव यांनी विकसित केलेल्या कांथल या लोह-क्रोमियम-ॲल्युमिनियमच्या तारेवर हेच काम ॲल्युमिनियम ऑक्साइड करतं. नवी कोरी चकचकीत तार अशी साय धरण्याआधी वेढ्याला वेढा चिकटला तर वीज मधल्यामधेच पलीकडे जाते आणि रोध कमी दिसतो. म्हणून नवं वेटोळं आधी कमी व्होल्टेजवर, मंद लाल होईपर्यंत दोन-तीनदा तापवून घेतलं की आकडा स्थिर होतो.

ताणणं ही सगळ्यात नाजूक पायरी. चिनी मातीच्या प्लेटवरच्या गोल खाचेत आधी दोरा बसवून तिची लांबी मोजा. मग वेटोळ्याची दोन्ही टोकं धरून एका दमात, त्या लांबीपेक्षा थोडं पुढे ताणा, म्हणजे आखडून ते बरोबर बसेल. थोडं थोडं चिमटीने ओढलं की कुठे वेढे दाट, कुठे विरळ राहतात. वीजप्रवाह सगळीकडे सारखाच असतो, त्यामुळे प्रत्येक सेंटिमीटरमध्ये उष्णताही सारखीच तयार होते. पण दाट भागातले वेढे एकमेकांनाच शेकत बसतात, उष्णतेला बाहेर पडायला वाट मिळत नाही. अंधारात पाहिलं तर तो भाग आधी पिवळट दिसतो, आणि काही महिन्यांनी तिथेच तार तुटते.

टोकांकडे शेवटची दोन-तीन इंच तार दुहेरी करून पिळावी. प्रवाह दोन्हीत निम्मा-निम्मा वाटला जातो, आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाने ठरत असल्यामुळे प्रत्येक तारेत ती पावच उरते. स्क्रूजवळचा भाग त्यामुळे थंड राहतो.

काही देशांत ई-सिगारेट ओढणारे हौशी लोक अशीच वेटोळी स्वतः गुंडाळतात. भारतात ई-सिगारेटचं उत्पादन, विक्री, आयात, जाहिरात २०१९ च्या कायद्याने बंद आहे, आणि निकोटिनच्या व्यसनासाठी कोणी ही कला शिकावी असं मला मुळीच वाटत नाही. पण मोजणीचा धडा तिथे फार स्पष्ट दिसतो. ०.४ मिमी कांथलचे ३ मिमीच्या सळईवर सात वेढे म्हणजे साडेसात सेंटिमीटर तार आणि ०.८६ ओहम रोध. टोकांना एक सेंटिमीटर तार जास्त राहिली तर रोध तेरा टक्क्यांनी वाढतो. शेगडीत तेवढीच चूक हजारात एक भागाएवढी असते. आणि मल्टिमीटरच्या वायरींचाच ०.२-०.३ ओहम रोध त्यात मिसळला तर आकड्याला अर्थच उरत नाही. दोन्ही पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा आधी वजा करावा लागतो.

शेगडीवर काम करताना प्लग भिंतीतून काढलेला असावा, नुसतं बटण बंद करून चालत नाही. उघड्या स्प्रिंगवर २३० व्होल्ट असतात. बटण फेजऐवजी (वीज आणणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) जोडलेलं असेल तर ते बंद असतानाही स्प्रिंगमध्ये वीज असते.

आजीच्या शेगडीत मग मी सबंध नवी स्प्रिंग घातली. तार ९ मीटर १० सेंटिमीटर, थंड रोध ५०.४ ओहम. स्वयंपाकघरातला दिवा मालवून बटण दाबलं. आधी काहीच नाही, मग खाचेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदमच, एकाच छटेचा गडद लाल रंग चढला.