टेलिफोनवाल्यांचं फायबर आणि वीजवाल्यांचं फायबर

अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत घरोघरी फायबर, म्हणजे वेगवान इंटरनेट आणणारी काचेच्या तंतूंची केबल, पोहोचवण्यात सहकारी संस्थांचा मोठा वाटा आहे. पण या संस्था दोन वेगळ्या घराण्यांतल्या आहेत, आणि त्यांना एकाच माळेत ओवलं की दोघींच्याही अडचणी कळेनाशा होतात. एक टेलिफोनची, दुसरी विजेची. दोन्हीकडे मालक म्हणजे गावातले सभासद, आणि एका सभासदाला एकच मत.

दोघींनाही कर्ज देणारं सरकारी खातं एकच. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी 1935 मध्ये ग्रामीण विद्युतीकरणासाठी ते उघडलं. टेलिफोनसाठी कर्ज मात्र 1949 च्या कायद्यानंतरच मिळू लागलं. त्याआधीची अवस्था वाईट होती. शेतकऱ्यांनी स्वतःच्या लाइनी ओढल्या होत्या, कुठे कुठे तर कुंपणाच्या काटेरी तारेवरूनच बोलणं चाले. 1930 च्या दशकातल्या महामंदीत या लाइनी मोडकळीस आल्या. 1920 मध्ये शंभरातल्या सुमारे 39 शेतघरांत फोन होता, 1940 मध्ये 25 घरांतच उरला. एकदा आलेली सोय हातची गेली, हे मला या सगळ्या इतिहासात फार लागतं.

टेलिफोन संस्थेकडे (आणि तिच्यासारख्याच छोट्या, एखाद्या कुटुंबाच्या मालकीच्या खाजगी कंपन्यांकडे) एक्सचेंज आहे, सिग्नल समजणारे तंत्रज्ञ आहेत आणि दूरच्या घरालाही जोडणी देण्याची जुनी जबाबदारी आहे. महागड्या भागातल्या सेवेसाठी तिला केंद्रीय निधीतून मदतही मिळते. पण तिचा मूळ माल म्हणजे तांब्याच्या तारेवरचा फोन, आणि तोच लोक सोडून देताहेत. तिच्या दृष्टीने फायबर हा जोडधंदा नाही, तिच्या मूळ धंद्याचंच ते पुढचं रूप आहे.

केंटकी राज्यातल्या मॅकी गावची पीपल्स रूरल टेलिफोन को-ऑपरेटिव्ह पाहा. जॅक्सन आणि ओस्ली या तिच्या काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारखे भाग) देशातल्या अत्यंत गरीब काउंट्यांत मोडतात. तरी 2014 पर्यंत तिथल्या घराघरांपर्यंत फायबर गेलं. सुमारे 1,000 मैल तार, जवळपास 5 कोटी डॉलर खर्च, त्यात सरकारी कर्ज आणि अनुदान. डोंगरात गाडी जाईना तिथे ओल्ड बब नावाच्या खेचराने केबल ओढून नेली.

वीज संस्थेचं बळ वेगळं. खांब तिचेच असतात. खांबावर वरच्या भागात विजेच्या तारा, खाली दूरसंचाराच्या केबल आणि मध्ये साधारण 40 इंचांचं सुरक्षित अंतर असतं. टेलिफोन कंपनीला दुसऱ्याच्या खांबावर चढायचं तर परवानगी आणि भाडं आलं, खांब तोकडा निघाला तर तो बदलण्याचा खर्चही आला. वीज संस्था धातूविरहित, म्हणून वीज न वाहणारी केबल आपल्याच लाइनमनकडून विजेच्या तारांजवळ ओढून घेऊ शकते. शिवाय उपकेंद्रं आणि मीटर यांच्याशी संपर्क ठेवायला तिला फायबर कामी येतंच. मिझुरीतल्या को-मो या वीज संस्थेने 2010 नंतर लगेचच घरोघरी फायबर द्यायला सुरुवात केली.

तिची अडचण कायद्याची. मिसिसिपी राज्यात 1942 च्या कायद्यामुळे वीज संस्थांना इंटरनेट विकताच येत नव्हतं, 2019 मध्ये तो बदलला. शिवाय वीजबिलाचा पैसा इंटरनेटच्या तोट्यात जाईल, ही सभासदांची भीती रास्तच आहे. म्हणून बऱ्याच संस्था त्यासाठी वेगळी उपकंपनी काढतात.

आपल्याकडे हा गोंधळ होणं साहजिक आहे. वीज संस्थेचं रूप आपण जवळून पाहिलंय: श्रीरामपूरची मुळा-प्रवरा ही याच अमेरिकी नमुन्यावर, तिथल्या वीज सहकारी संस्थांच्या राष्ट्रीय संघटनेच्या मदतीने उभी राहिली आणि 2011 पर्यंत वीज पुरवत होती. टेलिफोन मात्र आपल्याकडे बराच काळ सरकारी खात्याकडेच राहिला, त्यामुळे सभासदांच्या मालकीचं एक्सचेंज कसं असतं, हे आपल्या गावांनी पाहिलंच नाही.

तिकडे अनेक शेतकरी दोन्ही संस्थांचे सभासद असतात. म्हणून काही भागांत दोघींनी काम वाटून घेतलंय: खांब आणि मुख्य तार वीज संस्थेची, घरातली जोडणी, बिल आणि तक्रारीचा फोन टेलिफोन संस्थेकडे.