नाटोची तातडीची फौज : रिस्पॉन्स फोर्स ते अलाइड रिॲक्शन फोर्स

नाटोची तातडीची फौज म्हणजे सदस्य देशांच्या सैन्यातून आधीच नेमून ठेवलेल्या, हुकूम आला की काही दिवसांत निघू शकतील अशा तुकड्या. २००२ मध्ये ठरली तेव्हा तिचं नाव नाटो रिस्पॉन्स फोर्स होतं, आणि १ जुलै २०२४ पासून तिची जागा अलाइड रिॲक्शन फोर्सने घेतली.

आधी एक गैरसमज काढून टाकू, कारण तो राहिला तर पुढचं काहीच नीट कळत नाही. नाटोकडे स्वतःची अशी फौज जवळजवळ नाहीच. हेडक्वार्टर्स आहेत, जर्मनीतल्या गाइलेनकिर्शनला अवॅक्स विमानं (म्हणजे उडती रडार) आहेत, टेहळणीचे थोडे ड्रोन आहेत, बाकी बटालियन (काही शे सैनिकांच्या तुकड्या), रणगाडे, जहाजं, लढाऊ विमानं सगळं त्या त्या देशाचं. त्यामुळे ही फौज खरं तर पाळ्यांचा तक्ता आहे, कुठल्या वर्षी कोणाची कुठली तुकडी बॅगा भरून तयार राहणार याचा.

कल्पना जुनी आहे. १९६० मध्येच नाटोने एक छोटी मोबाइल फोर्स काढली होती, तिला लोक नाटोचं अग्निशमन दल म्हणायचे. नॉर्वे किंवा तुर्कस्तानसारख्या टोकाच्या भागात तणाव वाढला तर तिथे अनेक देशांचे सैनिक एकदम दिसले पाहिजेत, म्हणजे समोरच्याला कळेल की एकावर हात टाकला तर सगळे अंगावर येतील, हा तिचा उद्देश. ती २००२ मध्ये बंद झाली आणि त्याच वर्षी अमेरिकेचे संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांनी नव्या फोर्सचा प्रस्ताव मांडला, नोव्हेंबरमध्ये प्रागच्या शिखर परिषदेत तो मंजूर झाला. २००६ मध्ये केप व्हर्दे बेटांवर मोठा सराव झाला आणि वर्षअखेरीस लॅटव्हियातल्या रिगाच्या शिखर परिषदेत फोर्स पूर्ण सज्ज असल्याचं जाहीर झालं. पण तोवर अफगाणिस्तान आणि इराकमध्ये एवढे सैनिक अडकले होते की देशांनी कबूल केलेल्या जागा भरेचनात, मग अपेक्षाच कमी करावी लागली.

त्या काळातलं तिचं सगळ्यात मोठं काम लढाईचं नव्हतंच. ऑक्टोबर २००५ च्या काश्मीर भूकंपानंतर तिच्यामार्फत सुमारे ३,५०० टन मदत विमानांनी पाकिस्तानात गेली, शिवाय इंजिनिअर आणि डॉक्टरांची पथकं तिथल्या डोंगराळ भागात उतरली. यातून पैशाचा प्रश्नही उघड्यावर आला. नाटोत साधारण नियम असा की ज्याची तुकडी जाते, खर्च त्याचाच. म्हणजे तुमच्या पाळीत संकट आलं तर बिल तुमच्या माथी, दुसऱ्याच्या पाळीत आलं तर तुम्ही सुटलात. मला ही या रचनेतली सगळ्यात कमकुवत जागा वाटते, कारण मग प्रत्येक सरकार तुकडी देतानाच हात आखडता घेतं.

२०१४ मध्ये रशियाने युक्रेनचा क्रिमिया घेतला आणि चित्र बदललं. त्या सप्टेंबरच्या वेल्स परिषदेत या फोर्सच्या आतच एक भाल्याचं टोक करायचं ठरलं, सुमारे ५,००० सैनिकांची ब्रिगेड, जिचे पहिले सैनिक दोन-तीन दिवसांत हलतील. पुढे पूर्ण फोर्सचा आकडा १३,००० वरून ४०,००० पर्यंत नेला गेला. एक देश ब्रिगेडचा गाभा आणि नेतृत्व द्यायचा, बाकीचे त्यात बटालियन किंवा त्याहून लहान कंपनी जोडायचे. २०१७ ला ब्रिटन, २०१८ ला इटली, २०१९ ला जर्मनी, २०२० ला पोलंड, २०२१ ला तुर्कस्तान अशी पाळी फिरली. आणि एक ब्रिगेड एका वर्षासाठी सज्ज दिसायची तेव्हा ती प्रत्यक्षात तीन वर्षं अडकलेली असायची, एक वर्ष तयारीचं, एक ड्युटीचं, आणि ड्युटी संपली तरी आणखी एक वर्ष गरज पडली तर बोलावणं येऊ शकायचं. म्हणजे कुठल्याही क्षणी एका सज्ज ब्रिगेडसाठी एकूण तीन गुंतलेल्या.

निघायचा निर्णय ब्रुसेल्समध्ये नॉर्थ अटलांटिक कौन्सिल, म्हणजे सगळ्या सदस्य देशांच्या प्रतिनिधींची परिषद, घेते, तोही एकमताने, मतदान होत नाही. लष्करी सूत्रं युरोपातल्या सर्वोच्च कमांडरकडे, ज्याचं मुख्यालय बेल्जियममध्ये मॉन्सजवळ आहे आणि जो नेहमी अमेरिकन असतो. त्यावर पुन्हा देशांचे आपले कायदे, जर्मनीला सैन्य लढाईच्या कामावर पाठवायचं तर संसदेची मंजुरी लागते.

आणि हुकूम मिळाला तरी रस्ता असतोच. लेपर्ड २ रणगाडा साठ टनांच्या आसपास जातो, प्रत्येक पूल तो पेलत नाही, प्रत्येक सीमेवर परवानगीचे कागद, आणि बाल्टिक देशांत रेल्वेचा गेज (दोन रुळांमधलं अंतर) १५२० मिमी तर पश्चिमेकडे १४३५, म्हणजे वाटेत सगळा माल उतरवून पुन्हा चढवा. तातडी खरी इथे ठरते, सैनिक किती शूर यावर नाही. म्हणूनच जर्मनीतल्या उल्ममध्ये नुसती ही वाहतूक सुरळीत ठेवण्यासाठी वेगळं कमांड उभं केलंय, आणि माझ्या मते २०१४ नंतरच्या सगळ्या बदलांत हा सगळ्यात शहाणा आहे.

२५ फेब्रुवारी २०२२ ला, रशियाने युक्रेनवर हल्ला केल्याच्या दुसऱ्या दिवशी, सामूहिक संरक्षणासाठी ही फोर्स पहिल्यांदाच वापरात आली. त्या वर्षी पाळी फ्रान्सची होती, म्हणून फ्रेंच बटालियन रोमानियात गेली, सोबत बेल्जियमचे सैनिक. सगळे ४०,००० गेले असं नाही, गरजेपुरताच भाग हलला.

त्याच वर्षी जूनमध्ये माद्रिदच्या शिखर परिषदेत फौजांचं नवीन मॉडेल ठरलं : १० दिवसांत १ लाखांपेक्षा जास्त सैनिक, १० ते ३० दिवसांत आणखी सुमारे २ लाख, आणि १८० दिवसांपर्यंत किमान ५ लाख. यात तुकड्यांना आधीपासूनच माहीत असतं की आपल्याला कुठल्या भागाच्या संरक्षणासाठी जायचंय, म्हणजे तिथलेच रस्ते, तिथलीच बंदरं शिकता येतात. अलाइड रिॲक्शन फोर्स याच रचनेतली, सर्वोच्च कमांडरच्या हातातली राखीव ताकद, आणि तिची सूत्रं पहिल्यांदा मिलानजवळच्या सोल्बियाते ओलोना इथल्या नाटो कोअरच्या मुख्यालयाकडे (कोअर म्हणजे अनेक ब्रिगेड हाताळणारी मोठी रचना) आली. तिची पहिली मोठी परीक्षा २०२५ च्या सुरुवातीला स्टेडफास्ट डार्ट सरावात झाली, नऊ देशांचे सुमारे १०,००० सैनिक रोमानिया, बल्गेरिया आणि ग्रीसमध्ये उतरले, आणि त्यात अमेरिकेची तुकडी नव्हती.