फरसबीला धुरी देताना

पहिल्यांदा फरसबीला धुरी दिली तेव्हा मी मांसाचं गणित तिला लावलं. स्मोकरमधली, म्हणजे पदार्थाला लाकडाचा धूर देण्याच्या बंद पेटीतली हवा ११० अंश सेल्सिअस, आच मंद, वेळ दीड तास. बाहेर आलेल्या शेंगा सुरकुतलेल्या होत्या, रंग शेवाळी तपकिरी झाला होता आणि दाताखाली त्या अजून कचकच वाजत होत्या. धुराची चव होती, पण वरून फासल्यासारखी. निदान मऊ तरी होतील म्हणून त्याच शेंगा वीस मिनिटं उकळल्या, तरीही हव्या तशा शिजल्या नाहीत. कच्ची फरसबी एवढ्या वेळात गळून गेली असती. दीड तास गरम हवेत राहिलेली शेंग पुढे उकळूनही दाद का देत नाही, या प्रश्नाच्या उत्तरातच फरसबीला धुरी कशी द्यावी हे दडलेलं आहे.

मांसाला मंद आच लागते ती त्यातल्या कोलेजनसाठी. हे चिवट प्रथिन सत्तर अंशांच्या वर तासन्‌तास राहिलं की हळूहळू विरघळून जिलेटिन होतं, म्हणून तिथे जितका धीर धराल तितका मऊपणा मिळतो. शेंगेत कोलेजन नाही. तिचा ताठपणा पेशींच्या भिंतींमुळे आहे आणि या भिंतींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारा पदार्थ म्हणजे पेक्टिन. पेक्टिन साधारण ८५ अंशांच्या वर गेल्यावरच भराभर तुटायला लागतं. त्याखाली शेंग कितीही वेळ ठेवली तरी ती गरम होते, सुकते, पण खऱ्या अर्थाने शिजत नाही.

मग ११० अंशांच्या हवेत शेंग ८५ अंशांपर्यंत का पोचत नाही? पोचते, पण फार उशिरा. फरसबीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं आणि कोरडी गरम हवा लागताच ते उडायला लागतं. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता मोठ्या प्रमाणावर ओढून घेतं: शून्यापासून शंभर अंशांपर्यंत पाणी तापवायला जितकी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून जास्त उष्णता त्याच पाण्याची वाफ करायला लागते. घामाने अंग थंड होतं तसाच हा प्रकार. हवेतून येणारी उष्णता पाणी उडवण्यात खर्च होते आणि शेंगेचं स्वतःचं तापमान ५५ ते ७० अंशांच्या पट्ट्यात रेंगाळतं.

नेमका हाच पट्टा फरसबीसाठी सगळ्यात वाईट. शेंगेच्या पेशीभिंतींत पेक्टिन मिथाइलएस्टरेज नावाचं एक विकर असतं. थंड शेंगेत ते जवळपास स्वस्थ असतं, ऐंशी अंशांच्या वर नष्ट होतं, पण ५५ ते ७० अंशांत मात्र झपाट्याने कामाला लागतं. पेक्टिनच्या साखळ्यांवर ठिकठिकाणी मिथाइल गट बसलेले असतात, ते हे विकर काढून टाकतं. मोकळ्या झालेल्या जागांवर शेंगेतलंच कॅल्शियम येऊन बसतं आणि दोन साखळ्यांना एकमेकींशी टाचून टाकतं. असं टाचलेलं पेक्टिन नंतर उकळत्या पाण्यातही सहजासहजी तुटत नाही. डबाबंद भाज्या तयार करणारे उद्योग ही क्रिया मुद्दाम घडवतात: फरसबी आधी कोमट तापमानाला ठेवतात, म्हणजे पुढे डब्यात दाबाखाली शिजताना तिचा लगदा होत नाही. माझ्या दीड तासाच्या धुरीत नकळत तेच झालं होतं.

कच्ची शेंग थेट धुरीला न ठेवण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते चवीपेक्षा महत्त्वाचं आहे. फरसबी आणि राजमा ही एकाच वनस्पतीची रूपं: कोवळी शेंग ती फरसबी, पिकून वाळलेला दाणा तो राजमा. या वनस्पतीत फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन, म्हणजे साखरेच्या रेणूंना चिकटणारं एक प्रथिन, असतं. पोटात गेलं की ते आतड्याच्या आवरणाला चिकटतं आणि काही तासांत मळमळ, उलट्या, जुलाब सुरू होऊ शकतात. वाळलेल्या राजम्यात ते खूप जास्त, हिरव्या शेंगेत कमी, पण अजिबात नाही असं नव्हे. चांगल्या उकळीने ते नष्ट होतं. मंद आचेवर, ऐंशी अंशांच्या खाली, ते बऱ्याच अंशी टिकून राहतं. तेव्हा धुराने रंग बदललेली, वरून शिजल्यासारखी दिसणारी आणि आत कचकचणारी शेंग नुसती बेचव नाही, ती खाऊही नये.

थोडक्यात, शिजवणं आणि धुरी देणं ही दोन कामं वेगळी करावी लागतात, आणि शिजवणं आधी.

मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी, त्यात मीठ, आणि पाणी खळखळ उकळत असतानाच शेंगा सोडायच्या. पाणी भरपूर हवं ते यासाठी की शेंगा टाकल्यावर उकळी फार वेळ मोडू नये आणि ५५ ते ७० अंशांचा तो पट्टा शेंगांनी काही सेकंदांत ओलांडावा. मिठातलं सोडियम पेक्टिनमधल्या कॅल्शियमची जागा थोडीफार घेतं, त्यामुळे शेंगा जरा लवकर मऊ होतात. उलट पाणी जड असेल, म्हणजे त्यातच कॅल्शियम जास्त असेल, तर वेळ वाढतो. शेंगेच्या जाडीप्रमाणे सहा ते आठ मिनिटं पुरतात. एक शेंग काढून चावून बघायची: लवचीक हवी, कच्ची कचकच अजिबात नको.

झाकण मात्र ठेवायचं नाही. शेंगा पाण्यात पडल्यावर आधी एकदम झगझगीत हिरव्या होतात, कारण पेशींच्या मधल्या फटींतली हवा बाहेर पडते आणि हिरवा रंग आडपडद्याशिवाय दिसतो. पुढचा सगळा खेळ क्लोरोफिलचा. त्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो. क्लोरोफिलसह वनस्पतींच्या रंगद्रव्यांवर केलेल्या कामासाठी रिचर्ड विलस्टेटर यांना १९१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. उष्णतेने पेशी फुटल्या की शेंगेतलीच सौम्य आम्लं बाहेर येतात, मॅग्नेशियम निसटतं, त्याच्या जागी हायड्रोजन बसतो आणि हिरव्याचा शेवाळी तपकिरी होतो. झाकण उघडं असेल तर या आम्लांतली उडून जाणारी काही वाफेबरोबर निघून जातात. चिमूटभर खायचा सोडा घातला तर रंग टिकतो हे खरं, पण त्याने पेशीभिंती ढासळतात आणि शेंगा बुळबुळीत होतात. मी तो घालत नाही.

शेंगा शिजल्या की लगेच बर्फाच्या पाण्यात टाकायच्या. शिजणं तिथेच थांबतं, आणि पुढे धुरीच्या वेळी या थंडपणाचा आणखी एक उपयोग होतो. पण त्याआधी धुराकडे वळू.

लाकडाचे तीन मुख्य घटक: सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. हवा अपुरी असताना लाकूड तापवलं की ते जळण्याऐवजी फुटत जातं. दोनशे अंशांच्या पुढे आधी हेमिसेल्युलोज, मग सेल्युलोज, आणि सगळ्यात चिवट लिग्निन साधारण २८० ते ५०० अंशांपर्यंत. पहिल्या दोघांतून अ‍ॅसेटिक आम्ल, गोडसर जळक्या वासाची संयुगं आणि पदार्थाला सोनेरी तपकिरी छटा देणारी कार्बोनिल संयुगं मिळतात. धुराचा म्हणून जो खमंगपणा आपण ओळखतो तो मात्र लिग्निनची देणगी. त्यातली दोन नावं लक्षात ठेवावी अशी: ग्वायाकॉल आणि सिरिंगॉल. ओक, सफरचंद, चेरी अशा कठीण लाकडांच्या लिग्निनमधून दोन्ही मिळतात. पाइनसारख्या लाकडातून सिरिंगॉल जवळपास मिळत नाही आणि वर राळ असते, जी काजळी आणि कडवटपणा देते. रंगवलेलं लाकूड किंवा प्लायवूड तर कधीच वापरू नये.

धूर चांगला आहे का, हे डोळ्यांनीही कळतं. पातळ, निळसर धुरातले कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा लहान असतात. ते निळा प्रकाश जास्त विखुरतात, आकाश निळं दिसतं त्याच तत्त्वाने. दाट पांढऱ्या धुरात मोठे थेंब असतात, पाण्याचे आणि डांबरासारख्या चिकट पदार्थांचे. मांसाच्या मोठ्या तुकड्यावर पांढरा धूर थोडा वेळ आला तरी खपून जातं. फरसबी बारीक असते, वजनाच्या मानाने तिचा पृष्ठभाग खूप मोठा, आणि धुराचा कडवटपणा झाकायला तिच्यात चरबी नाही. पांढऱ्या धुरात पाच मिनिटंसुद्धा तिला जास्त होतात. म्हणून सुरुवातीचा पांढरा लोट ओसरू द्यावा, मगच शेंगा आत ठेवाव्यात. ढलप्या भिजवून घेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, मला तो पटत नाही: पाणी उडून जाईपर्यंत लाकूड शंभर अंशांच्या वर फारसं जात नाही, तोवर मिळते ती बहुतेक वाफच.

आता त्या थंडपणाचा उपयोग. धुराची चव मुख्यतः त्यातल्या वायूरूप संयुगांतून येते आणि ती ओल्या पृष्ठभागात विरघळतात. शिवाय गरम हवेतले सूक्ष्म कण थंड पृष्ठभागाकडे ढकलले जातात, कारण गरम बाजूचे हवेचे रेणू त्यांना जास्त जोराने धडका देतात. थंड, दमट शेंग या दोन्ही कारणांनी धूर भराभर धरते. दमट म्हणजे पाणी निथळणारी नव्हे. थेंब असले तर तिथे डाग पडतात, म्हणून चाळणीत निथळून, फडक्याने टिपून घ्यायची. मग तेलाचा अगदी पुसट हात. फरसबीच्या सालीवर नैसर्गिक मेणाचा थर असतो, आणि ग्वायाकॉलसारखी संयुगं पाण्यापेक्षा तेलात जास्त सहज विरघळतात. तेलाच्या पातळ थरामुळे सुगंध शेंगेवर टिकतो.

शेंगा आधीच शिजलेल्या असल्याने धुरीला आता वेळ थोडाच लागतो. बाहेरच्या स्मोकरमध्ये ११० ते १२० अंशांना वीस मिनिटं पुष्कळ झाली. स्मोकर नसेल तर जाड बुडाचं, घट्ट झाकणाचं लोखंडी किंवा स्टीलचं पातेलं चालतं: तळाला फॉइल, त्यावर दोन चमचे लाकडाचा भुसा, वर जाळी, जाळीवर पाव किलो शेंगा एका थरात. भुसा धुमसायला लागला की आच कमी करायची, झाकण लावायचं आणि आठ ते दहा मिनिटांत उतरवायचं. नॉनस्टिक भांडं इथे घेऊ नये, त्याचा लेप २६० अंशांच्या आसपास खराब व्हायला लागतो आणि धुमसणारा भुसा त्याहून गरम असतो. खिडकी उघडी आणि पंखा चालू हवा. पेटते कोळसे मात्र घरात कधीही नकोत, त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि बंद खोलीत तो जीव घेतो.

धुराबरोबर बेंझोपायरीनसारखी घातक संयुगंही येतात, हे लपवण्यात अर्थ नाही. लाकूड फार तापलं, ज्वाळा निघाल्या, काजळी धरली की त्यांचं प्रमाण वाढतं. बेंझोपायरीनची गणना माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत होते. युरोपीय संघाने धुरावलेल्या मांसात त्याची मर्यादा २०१४ पासून किलोला २ मायक्रोग्रॅमवर आणली आहे. फरसबीची गोष्ट त्यामानाने बरी, कारण मांसातली चरबी निखाऱ्यावर ठिबकून जो धूर होतो तो इथे नसतो आणि धुरीही थोडा वेळच असते. तरी भुसा धुमसला पाहिजे, पेटता कामा नये. रोज उठून धुरावलेलं खाणंही बरं नव्हे.

धुरी देणाऱ्याने चव लगेच ठरवू नये. अर्धा तास त्याच वासात राहिलेलं नाक तो वास नोंदवणं जवळपास सोडून देतं, आणि हात आपोआप आणखी धूर द्यायला जातो. शेंगा उतरवून पंधरा मिनिटं उघड्या ठेवाव्यात, आपणही बाहेर मोकळ्या हवेत जाऊन यावं. तेवढ्यात आम्लांचा आणि तिखट वायूंचा पहिला भपका उडून जातो आणि मागे राहतो तो ग्वायाकॉलचा शांत वास. वाढायच्या आधी तापल्या तव्यावर मिनिटभर परतल्या की त्या पुन्हा गरम होतात आणि कडा थोड्या खमंग होतात.

लिंबू पिळायचंच असेल तर ताटात वाढल्यावर. आधी पिळलं तर जे आम्ल आपण झाकण उघडं ठेवून घालवलं तेच परत येतं, आणि गरम शेंगा बघता बघता शेवाळी व्हायला लागतात.