जोडगोळीचा विनोदी मारधाडपट

वय, स्वभाव, वर्ण, कामाची रीत यांपैकी कशातच मेळ नसलेल्या दोन पुरुषांना एकाच कामगिरीवर जुंपून, त्यांच्या भांडणातून विनोद आणि एकत्र झेललेल्या संकटांतून मैत्री उभी करणारा चित्रपटप्रकार. इंग्रजीत तो ‘बडी फिल्म’ आणि नायक पोलीस असल्यास ‘बडी कॉप’ या नावाने ओळखला जातो. त्याचा साचा १९८० च्या दशकात हॉलिवूडमध्ये पक्का झाला.

या चित्रपटांत गुन्ह्याचा तपास हे बहुतेकदा निमित्त असते. खरे कथानक एकमेकांचे तोंड पाहण्यास राजी नसलेल्या दोघांची मने जुळण्याचे असते. म्हणून पटकथाकाराची कसोटी खलनायकाच्या कारस्थानात लागत नाही, ती या दोघांना बांधून ठेवणारे कारण शोधण्यात लागते. वरिष्ठांचा हुकूम, हातातली बेडी किंवा संपत चाललेली मुदत असे काहीतरी हवे, की ज्यामुळे कोणालाच मध्येच उठून जाता येऊ नये. ही कोंडी कच्ची राहिली, तर पाठलाग आणि गोळीबार कितीही दणकेबाज असले तरी चित्रपट उभा राहत नाही.

विजोड जोडीचा विनोद लॉरेल आणि हार्डी यांच्या काळापासून पडद्यावर आहे. अकिरा कुरोसावा यांच्या ‘स्ट्रे डॉग’ (१९४९) या जपानी चित्रपटात नवखा तरुण आणि मुरलेला ज्येष्ठ अशी पोलिसांची जोडी आढळते, मात्र तो विनोदपट नव्हे. वॉल्टर हिल दिग्दर्शित ‘फॉर्टी-एट अवर्स’ (१९८२) या चित्रपटाने पुढच्यांना नमुना पुरवला. त्यात सॅन फ्रान्सिस्कोचा गोरा, तिरसट पोलीस जॅक केट्स (निक नोल्टी) फरारी गुन्हेगारांचा माग काढण्यासाठी रेजी हॅमंड या कृष्णवर्णीय कैद्याला ४८ तासांपुरते तुरुंगाबाहेर आणतो. हॅमंडची भूमिका करणाऱ्या एडी मर्फी यांचा हा पहिलाच चित्रपट होता. केट्स त्याला वर्णावरून घालूनपाडून बोलतो आणि पुढे, आपण ते कामाचा भाग म्हणून केले, अशी सारवासारव करत माफी मागतो. तेव्हा त्या सबबीत सगळे बसत नाही, हे हॅमंड त्याला ऐकवतो. नंतरच्या अनेक चित्रपटांनी वर्णभेदाचा प्रश्न दोन-चार चुटक्यांत गुंडाळला. येथे तो सलत राहतो, आणि या दोघांची मैत्री खरी वाटते ती त्यामुळेच.

आपुलकी बोलून दाखवण्याचा पुरुषांचा संकोच हा या प्रकाराचा गाभा आहे. प्रेम टोमण्यांच्या आडून व्यक्त होते, आणि शब्द अपुरे पडतात तेथे एखादी वस्तू पुढे येते. रिचर्ड डॉनर यांच्या ‘लेथल वेपन’मध्ये (१९८७) पत्नीच्या मृत्यूने खचलेला पोलीस रिग्ज आत्महत्येसाठी एक खास गोळी जपून ठेवतो, पन्नाशी गाठलेला, कुटुंबवत्सल मर्टॉ त्याचा जोडीदार होतो. शेवटी नाताळच्या दिवशी रिग्ज ती गोळी मर्टॉच्या मुलीच्या हाती देतो आणि वडिलांना द्यायला सांगतो. मर्टॉ त्याला जेवायला घरात घेतो. ‘मिडनाइट रन’मध्ये (१९८८) फरारी आरोपीला पैशासाठी पकडून नेणारा वॉल्श (रॉबर्ट डी नीरो) घटस्फोटित पत्नीने पूर्वी दिलेले बिघडके घड्याळ सतत कानाशी लावून पाहतो, अखेरीस तो आपल्या कैद्याला, म्हणजे हिशेबनीस मार्डुकासला (चार्ल्स ग्रोडिन), सोडून देतो आणि ते घड्याळ त्यालाच देतो. दोन्ही प्रसंगांत माणूस आपले जुने दुःख मित्राच्या हवाली करतो आणि त्याविषयी फारसे बोलत नाही. असे प्रसंग मारधाडीच्या गदारोळातच का शोभतात, हे त्या दृश्यांतील शांतता पाहिली की कळते.

या प्रकारावरील आक्षेपही रास्त आहेत. स्त्रियांच्या वाट्याला बहुधा पत्नी, मुलगी किंवा ओलीस एवढीच जागा येते, आणि पोलिसांची दांडगाई हशा मिळवण्यासाठी खपवली जाते. ‘रश अवर’मध्ये (१९९८) जॅकी चॅन आणि ख्रिस टकर यांच्या रूपाने हाँगकाँग आणि लॉस एंजेलिसचे पोलीस एकत्र आले, तेव्हा हाच साचा भाषा आणि संस्कृतीच्या फरकावर बेतला गेला. पॉल फीग यांच्या ‘द हीट’ने (२०१३) तो प्रथमपासून पुरुषांसाठी राखलेला साचा सँड्रा बुलक आणि मेलिसा मॅकार्थी यांच्या हाती दिला. त्यात एफबीआयची काटेकोर अधिकारी आणि बॉस्टनची रांगडी पोलीस यांचे भांडण तितक्याच जोमाने रंगते.