ऑटोइम्यून हिपॅटायटिस : मराठवाड्यातील निदान व उपचार

ऑटोइम्यून हिपॅटायटिस : शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्याने होणारा दीर्घकालीन यकृतदाह. स्वीडिश वैद्य यान वाल्डनस्ट्रॉम यांनी १९५० मध्ये तरुण स्त्रियांमधील अशा आजाराचे वर्णन केले. पुरुषांपेक्षा स्त्रियांना तो तीन-चार पट अधिक होतो.

मराठवाड्यात डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली की अजूनही अनेक घरांत रुग्णाला आधी काविळीचे औषध देणाऱ्याकडे नेतात. गळ्यात माळ पडते, तेल-तूप बंद होते. दूषित पाण्यामुळे होणारी हिपॅटायटिस ए आणि ई ची कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरते. श्रेय माळेला मिळते. खरा घात इथेच होतो. ऑटोइम्यून आजारातही कावीळ मधूनच उतरते, पण आतला दाह चालूच राहतो. निदानाच्या वेळीच सुमारे एक-तृतीयांश प्रौढ रुग्णांना सिऱ्होसिस (यकृत कडक होऊन निकामी होत जाणे) झालेला असतो. कावीळ परत आली, किंवा एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे विकर) महिनोन्‌महिने वाढलेलेच राहिले, तर हा आजार तपासलाच पाहिजे. झाडपाल्याचे काय घेतले, हेही डॉक्टरांना सांगावे : कोविडकाळात गुळवेल घेतलेल्यांमध्ये अशाच स्वरूपाचा यकृतदाह मुंबईच्या तज्ज्ञांनी २०२१ मध्ये नोंदवला. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला होता.

निदान एका चाचणीने होत नाही. विषाणू, दारू आणि क्षयाच्या गोळ्यांसारखी औषधे ही कारणे आधी वगळतात. मग रक्तात आयजीजी या प्रतिपिंडांचे प्रमाण आणि स्वतःच्याच पेशींवर उलटणारी एएनए, एएसएमए व विशेषतः मुलांमध्ये एलकेएम-१ ही प्रतिपिंडे पाहतात. बायोप्सीला (यकृताचा तुकडा काढून तपासण्याला) लोक फार भितात. प्रत्यक्षात उजव्या बरगड्यांमधली जागा बधिर करतात, क्षणभर श्वास रोखायला सांगतात आणि सुईतून दोऱ्याएवढा तुकडा काढतात. नंतर काही तास पडून राहावे लागते. त्या तुकड्यात प्लाझ्मा पेशींची (प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींची) गर्दी दिसली की निदानाला बळ येते.

उपचाराची सुरुवात प्रेडनिसोलोन या रोगप्रतिकारशक्ती दाबणाऱ्या स्टेरॉइडने होते. त्याआधी क्षय आणि हिपॅटायटिस बी तपासून घेणे आपल्याकडे अत्यावश्यक आहे. डोस हळूहळू उतरवत अ‍ॅझाथायोप्रिनची जोड देतात; हीही रोगप्रतिकारशक्ती दाबणारी गोळी. एनयूडीटी१५ जनुकातील बदलामुळे काही भारतीयांमध्ये या गोळीने पांढऱ्या पेशी धोकादायक रीतीने घटतात, म्हणून सुरुवातीला रक्ततपासणी वरचेवर करावी लागते. बीडकडची जोडपी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघाली की नेमकी ही तपासणी चुकते. निघण्यापूर्वी काही महिन्यांच्या गोळ्या, औषधांची चिठ्ठी आणि फडाजवळच्या दवाखान्याचा पत्ता हातात असलाच पाहिजे.

बरे वाटले म्हणून गोळ्या सोडू नयेत. रक्ताचे अहवाल सुधारल्यावरही किमान दोन वर्षे उपचार चालतात आणि थांबवल्यावर निम्म्याहून अधिक जणांत आजार उलटतो. दिवस गेल्यावर घरची मंडळी बाळाच्या काळजीने औषध बंद करतात. प्रेडनिसोलोन आणि अ‍ॅझाथायोप्रिन मात्र तज्ज्ञांच्या देखरेखीखाली गरोदरपणातही चालू ठेवतात. मायकोफेनोलेट हे अशाच प्रकारचे दुसरे औषध गर्भाला घातक असल्याने ते मूल होऊ देण्याच्या आधीच बदलून घ्यावे लागते.