कर्नल बदलला आणि मशीन अडलं

इंदुरात राजवाड्याच्या मागच्या एका मराठी वाचनालयात पुस्तकांची देवघेव लिनक्स या संगणकप्रणालीवर चालते. गेल्या पावसाळ्यात तिथून सकाळीच फोन आला. ग्रंथपाल काका म्हणाले, "अहो, काल अपडेट मारलं आणि आज नुसता काळा पडदा. खाली कर्नल पॅनिक असं काहीतरी लिहिलंय." मी म्हटलं, "काका, बंद करू नका. अख्ख्या पडद्याचा फोटो पाठवा, वरच्या ओळींसकट." फोटोत मला हवी ती ओळ मिळाली: 'अनएबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक'. नव्या कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, स्वतःची डिस्कच सापडत नव्हती.

लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्स जाहीर केला. त्या काळात कर्नल बदलायचा म्हणजे बहुधा सोर्स, म्हणजे मूळ कोड, आणून स्वतःच्या मशीनवर कंपाइल करायचा, म्हणजे त्यातून चालणारी फाइल बनवायची. डिस्कचा ड्रायव्हर, म्हणजे तिच्याशी बोलणारा कोड, त्यातच बसवलेला असे, म्हणून डिस्क सापडायची. घोटाळा व्हायचा तो लिलो या बूटलोडरपाशी, म्हणजे मशीन सुरू होताना कर्नल चढवणाऱ्या प्रोग्रामपाशी. लिलोला फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवरची फाइलींची मांडणी, वाचता येत नसे. डिस्कवर कर्नल नेमका कुठे पडला आहे एवढंच तो टिपून ठेवी. नवी फाइल जुनीच्या जागी ठेवली आणि लिलोची आज्ञा पुन्हा चालवायची राहिली, की टिपण खोटं ठरे आणि मशीन उठत नसे. पुढे ग्रब हा बूटलोडर आला. तो फाइलसिस्टिम स्वतः वाचतो, त्यामुळे ही चूक जवळजवळ संपली.

मग तयार कर्नल सगळ्यांना वाटायची पद्धत रुळली. एकच कर्नल शेकडो प्रकारच्या मशीनवर चालवायचा तर सगळे ड्रायव्हर पोटात घेऊन चालत नाही. ते मॉड्यूल म्हणून, म्हणजे लागतील तेव्हा जोडायचे सुटे तुकडे म्हणून, डिस्कवर राहतात. पण डिस्क वाचायला ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर त्या डिस्कवरच, म्हणजे किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप. यावर उपाय म्हणून एक छोटी फाइलसिस्टिम कर्नलबरोबर आधीच मेमरीत चढवू लागले: आधी इनिट-आरडी, कर्नलच्या २.६ आवृत्तीच्या काळापासून इनिट-रॅमएफएस. ही फाइल प्रत्येक कर्नलसाठी वेगळी बनते. ती बनलीच नाही, तर काकांनी पाठवलेली ओळ दिसते.

२००७ च्या सुमारास आणखी एक धक्का बसला. जुन्या आयडीई डिस्कचा कारभार नव्या ड्रायव्हरकडे गेला आणि एचडीए नावाची डिस्क अपडेटनंतर एसडीए झाली. कोणती डिस्क कुठे जोडायची ते सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये जुनं नाव लिहिलेलं, त्यामुळे मशीन मध्येच थांबे. तिथे नावाऐवजी यूयूआयडी, म्हणजे नाव बदललं तरी तीच राहणारी ओळखखूण, लिहायची सवय या सुमारास पक्की झाली.

वायफाय किंवा ग्राफिक्स कार्ड अपडेटनंतर मुकं होतं, त्याचं मूळ मात्र एका जाणूनबुजून घेतलेल्या निर्णयात आहे. वरच्या प्रोग्रामना दिलेला शब्द कर्नल मोडत नाही, याबाबत टोरवाल्ड्स कमालीचे कडक आहेत. आतली रचना मात्र कधीही बदलू शकते, आणि कर्नलचे एक प्रमुख देखभालकर्ते ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी ही भूमिका लेखी मांडली आहे. जे ड्रायव्हर कर्नलच्या सोर्समध्येच आहेत ते बदल करणाराच दुरुस्त करतो. बाहेरचे मागे राहतात. मला हा निर्णय योग्य वाटतो, कारण जुनं ओझं वाहत राहिला असता तर कर्नल इतका पुढे आला नसता. पण त्याची झळ लहान वाचनालयांना आणि शाळांना बसते, हेही खरं. बाहेरचे मॉड्यूल प्रत्येक नव्या कर्नलसाठी आपोआप पुन्हा बांधणारं डीकेएमएस डेलच्या अभियंत्यांनी २००३ मध्ये काढलं ते याचसाठी. तरी मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या त्या कर्नलच्या हेडर फाइली नसल्या की तेही अडतं. सही नसलेला कोड अडवणारं सिक्युअर बूट चालू असेल तर मॉड्यूलवर डिजिटल सहीही लागते.

वाचनालयात गेल्यावर ग्रबच्या अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधून मागचा कर्नल निवडला. मशीन उठलं. डीएफ या आज्ञेने जागा पाहिली तर बूटचं पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा कर्नल ठेवायचा भाग, शंभर टक्के भरलेलं. तीन वर्षांचे कर्नल तिथे साठले होते आणि नव्याची इनिट-रॅमएफएस लिहायला जागाच उरली नव्हती. नवा आणि चालू असलेला असे दोन ठेवले, बाकीचे पॅकेज मॅनेजरमधून काढले, इनिट-रॅमएफएस पुन्हा बनवली आणि नव्या कर्नलवर रीस्टार्ट केलं. अकरा वाजता पहिलं पुस्तक नोंदलं गेलं.